हारिकाचा ग्रहणांक

निकाल आला तेव्हा मंजुळा येमूल शर्टाची कॉलर पलटत होती. गणवेशाच्या कारखान्यात कामाच्या वेळी फोन हातात घ्यायची मुभा नव्हती. पण त्या दिवशी सगळ्याच आयांचे फोन मांडीवर होते आणि सुपरवायझर मुद्दाम दुसरीकडे बघत होता. त्याचीही मुलगी तिसरीतच होती.

हारिका अंबादास येमूल, ग्रहणांक ४६, द्रुतगणित वर्गासाठी निवड नाही.

मंजुळानं ते पुन्हा वाचलं. आकडे उलटे पडले असतील, असं तिला क्षणभर वाटलं. पण चौसष्टही पुरले नसते. यंदा बहात्तरच्या खाली कुणालाच घेतलं नव्हतं. शेजारच्या मशीनवर शमीम बागवान बसायची. तिची अर्शिया आणि हारिका शाळेत एकाच बाकावर बसत. शमीमनं आपला फोन मंजुळापुढे धरला. अर्शियाला एकोणचाळीस होते.

दोघींनी पुन्हा मशीनचं पायडल दाबलं. त्या संध्याकाळी मंजुळाच्या तीन कॉलरी उसवाव्या लागल्या.

द्रुतगणित वर्ग सुरू होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. ते वर्ग फक्त पालिकेच्या आणि सरकारी शाळांत होते, आणि त्यामुळे एक अजब गोष्ट घडली होती. ज्या शाळांच्या भिंतींना लोक नाकं मुरडायचे, तिथे आता डॉक्टर-वकिलांची मुलं नाव घालत होती. द्रुतगणितातलं मूल सातवीतच दहावीचं गणित संपवायचं आणि राज्याच्या निवासी विज्ञान विद्यालयांत त्या मुलांना थेट, फुकट प्रवेश मिळायचा. शहराच्या पूर्व भागात, जिथे पिढ्यान् पिढ्या माग आणि शिलाई यांपलीकडे कुणी पाहिलं नव्हतं, तिथली दोन मुलं आता त्या विद्यालयांत होती. त्यांची घरं लोक बोट करून दाखवायचे.

पण जागा तीस. संपूर्ण पूर्व भागाला मिळून तीस. आणि संधी एकदाच, तिसरीत.

आधी त्यासाठी लेखी परीक्षा असायची. मग सात वर्षांच्या पोरांचे क्लासेस निघाले, ते ज्यांना परवडले त्यांचीच मुलं लागू लागली आणि ओरड झाली. तेव्हा हे वर्ग चालवणाऱ्या सरकारी अभियानानं बोधपट्टा आणला. क्लास लावून मेंदूला फसवता येत नाही, असं अभियानाचे लोक पालकसभेत सांगायचे. वशिला नाही, घोकंपट्टी नाही, उत्तरपत्रिकाच नाही. पूर्व भागातल्या बायकांना ते ऐकून बरं वाटलं होतं. मंजुळालाही.

आणि तिला खात्री होती. हारिका आठ वर्षांची होती. एकदा पोळी खाता खाता तिनं सांगितलं होतं की नऊचा पाढा पंचेचाळीसपर्यंत जातो आणि मग मागे वळून स्वतःलाच बघतो. पंचेचाळीसचे चौपन्न, छत्तीसचे त्रेसष्ट, सत्तावीसचे बहात्तर. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मंजुळानं ते कारखान्यात सगळ्यांना सांगितलं होतं. आता तेच आठवून तिला शरमल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. वर्गशिक्षिका सुजाता हत्तुरे यांना पूर्व भागात सगळे हत्तुरेबाई म्हणत. बाईंनी तिला रिकाम्या वर्गात बसवलं आणि पट्टा कसा काम करतो ते नीट समजावलं.

बोधपट्टा म्हणजे डोक्यावर टोपीसारखी बसणारी जाळी. तिच्यात बारीक दिवे आणि दिव्यांच्या शेजारी प्रकाश टिपणारे डोळे. दिव्यांचा प्रकाश आपल्याला दिसत नाही; तो लाल रंगाच्या पलीकडचा. अंधारात बॅटरीवर तळहात ठेवला की बोटं लालसर उजळतात, तसा हा प्रकाश कातडीतून, कवटीतून आत शिरतो, मेंदूच्या वरच्या थरातून फिरतो आणि त्यातला थोडासा परत बाहेर येतो. मेंदूचा जो भाग राबत असतो तिकडे ताजं रक्त धावतं. ताजं रक्त आणि वापरलेलं रक्त हा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात पितं. म्हणून परत आलेल्या प्रकाशावरून आत कुठे किती काम चाललंय ते समजतं. मुलाला एक नवं कोडं घालतात, मग त्याच जातीचं दुसरं, तिसरं, चौथं. पहिल्या कोड्याला मेंदू खूप राबतो. वाट सापडली की श्रम उतरतात. ते किती झपाट्यानं उतरतात, तो ग्रहणांक.

मंजुळानं विचारलं, उत्तरं बरोबर आली की चूक, हे त्यात कुठे येतं? बाई म्हणाल्या की ते धरतच नाहीत. उत्तरं पाठ करून येता येतं, म्हणून. हारिकाची सगळी उत्तरं बरोबर होती. पण तिच्या आलेखात श्रम उतरलेले दिसलेच नव्हते. अभियानाच्या भाषेत याचा अर्थ असा, की मूल प्रत्येक वेळी तितकंच रेटून करतंय, शिकत नाहीये.

"म्हणजे कष्टाळू आहे, पण हुशार नाही?" मंजुळानं विचारलं.

 बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मंजुळाला ते उत्तरच वाटलं.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. अंबादास टॉवेलच्या कारखान्यात पाळीनं काम करायचा आणि कमी बोलायचा. तो म्हणाला, असू दे, आपण कुठे हुशार होतो. त्यानं ते समजूत घालायला म्हटलं होतं. पण हारिका दाराशीच उभी होती.

त्यानंतरचे दिवस मंजुळाला पुढे कधीच नीट आठवावेसे वाटले नाहीत. तिनं मुलीला एकदाही रागावलं नाही. तिनं फक्त बघायला सुरुवात केली. हारिका गणित सोडवत असली की ती हातातलं काम थांबवून तिच्या कपाळाकडे बघायची. आठी पडली का? ओठ हलतायत का? म्हणजे रेटून करतेय का? एखादं उत्तर पटकन आलं तर वाटायचं, हे आधी केलेलं असेल. उशिरा आलं तर वाटायचं, बरोबरच आहे, सेहेचाळीस. एकदा तिनं मुद्दाम अवघड हिशेब घातला. हारिकानं तोंड उघडलं, आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "येत नाही मला."

याआधी तिनं हे कधी म्हटलं नव्हतं. मग ती वारंवार म्हणू लागली. वर्गात हात वर करायची बंद झाली. हत्तुरेबाईंनी मंजुळाला तसं कळवलं आणि शाळा सुटल्यावर येऊन जायला सांगितलं.

या वेळी बाई अस्वस्थ होत्या. त्या म्हणाल्या की एक गोष्ट निकालापासून त्यांच्या मनात घोळते आहे. चाचणीच्या वेळी त्या मदतीला उभ्या होत्या. मुलांच्या डोक्यावर जाळी बसवली की पडद्यावरचे ठिपके लगेच हिरवे व्हायचे. हारिकाच्या वेळी कितीतरी ठिपके पिवळेच राहिले. यंत्र चालवणाऱ्या मुलानं जाळी दोन-तीनदा दाबली, बाहेरची रांग पाहिली आणि 'पुढे' बटण दाबलं. अर्शियाच्या वेळीही तेच. तेव्हा बाईंना काही वाटलं नाही. पण निवड झालेल्या मुली पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की दोन जाड वेण्या घालणारी एकही मुलगी त्यांत नाही. बॉबकट असलेल्या होत्या, विरळ केसांच्या होत्या, उवा झाल्या म्हणून जिचे केस अगदी बारीक केले होते तीही होती.

कपाळावर केस नसतात. पण संख्यांचं काम मेंदूच्या ज्या भागात चालतं तो कानांच्या वर, जरा मागे असतो. तिथे केस असतात. आणि काळा, दाट, तेल लावून चप्प बसवलेला केस प्रकाश गिळून टाकतो.

बाईंनी अभियानाला लिहिलं होतं. उत्तर आलं होतं की यंत्र प्रमाणित आहे. मात्र प्रत्येक वर्गशिक्षिकेला आपल्या वर्गातल्या एका मुलाची पुनर्चाचणी मागता येते, आणि तो निकाल अंतिम धरतात.

"मी हारिकाचं नाव दिलंय," बाई म्हणाल्या. "येत्या आठवड्यात आहे. तेल लावू नका, एवढंच सांगायला बोलावलं. पण नुसतं तेल नसून तरी…"

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. हारिकाचे केस कमरेपर्यंत होते आणि इतके दाट की एका रबरात मावत नसत.

घरी येईपर्यंत मंजुळानं ठरवलं होतं, केस काढायचे. अडचण होती ती सासूबाईंची. राजमणीबाईंचा त्या केसांवर जीव होता. आठ वर्षांच्या मुलीचे केस यंत्रासाठी काढायचे, हे त्यांनी ऐकून घेतलं नसतं. पण येमूलांचं घर तेलुगू. त्यांच्यात बालाजीला केस वाहायची रीत होती, मुलींचेसुद्धा. मंजुळानं सांगितलं की हारिका लहानपणी तापानं फणफणली होती तेव्हा मी नवस बोलले होते, तो राहून गेला, म्हणूनच तिचं काही धड होत नाही. राजमणीबाईंना ते पटलं. त्या जरा रागावल्यासुद्धा, देवाचं देणं इतकी वर्षं ठेवायचं असतं का म्हणून. तिरुपतीला जाणाऱ्या एका नातेवाइकाबरोबर केस पाठवायचे ठरले. त्यासाठी त्यांनी हळदीत बुडवलेलं फडकं काढून ठेवलं.

रविवारी सकाळी न्हाव्याला घरी बोलावलं. हारिका पाटावर डोळे मिटून बसली. अर्धं डोकं झालं तेव्हा तिनं विचारलं, "अम्मा, तू देवाकडे काय मागितलं होतंस?"

"तुझं भलं," मंजुळा म्हणाली. तिच्या हातात केसांचा झुपका होता, जड आणि अजून कोमट.

शाळेत पोरांनी हारिकाला टकली म्हणून चिडवलं. अर्शियानं आपला स्कार्फ काढून तिला दिला.

पुनर्चाचणीत सगळे ठिपके एका दमात हिरवे झाले. निकाल तिथल्या तिथे आला. त्र्याऐंशी. हारिकाचं नाव यादीत चढलं. यादीतलं शेवटचं नाव खाली उतरलं. ते कुणाचं होतं, हे मंजुळानं विचारलं नाही.

त्या दिवशी तिनं घरी गोड केलं. आठवड्याभरात हारिका पुन्हा हात वर करू लागली. मंजुळाला मात्र हलकं वाटायला हवं होतं, तसं वाटेना. आपली मुलगी जी होती तीच आहे. सेहेचाळीसलाही तीच होती आणि त्र्याऐंशीलाही. मग मधल्या दिवसांत आपण तिच्याकडे तसं का बघत होतो? या प्रश्नापाशी आली की ती कामाला लागायची.

बाईंनी तिला पुन्हा बोलावलं. त्यांनी सरळच सांगितलं. एकच मुलगी, तेच यंत्र, थोड्या दिवसांचं अंतर. बदलले ते फक्त केस. एवढा स्वच्छ पुरावा दुसरा मिळणार नाही. हा घेऊन अभियानाच्या कार्यालयात गेलं तर त्यांना सगळ्या मुलींची चाचणी पुन्हा घ्यावी लागेल. पण पालकांनी स्वतः येऊन सांगायला हवं. आणि एकदा सांगितलं की पूर्ण यादी थांबेल. हारिकाची जागासुद्धा.

 मंजुळा म्हणाली, "माझ्या लेकीचं झालंय, बाई. तुम्हीच तिचं नाव दिलंत. आता तुम्हीच काढून घ्यायला सांगता?"

बाईंनी मान्य केलं. त्या म्हणाल्या की एकच नाव द्यायचं होतं म्हणून हारिकाचं दिलं, आणि ते देताना अर्शियाचं दिलं नाही, हे रोज त्या बाकाकडे बघताना आठवतं. त्यांनी आग्रह केला नाही. मंजुळा नमस्कार न करताच निघाली, आणि पुढे काही दिवस शाळेच्या रस्त्यानं जाणं टाळत राहिली.

हे कदाचित तिथेच मिटलं असतं. पण कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत शमीम समोर बसायची. ती दोघींची जुनी रीत होती. शेंगाचटणीचा डबा मंजुळाचा, भाजी शमीमची. निकालानंतर शमीम थोडी आटली होती. हारिकाची निवड झाल्याचं कळल्यावर तिनं मनापासून मुबारक म्हटलं होतं आणि नवसाला पावणाऱ्या देवाचंही कौतुक केलं होतं. मंजुळानं ते ऐकून घेतलं होतं.

त्या दिवशी शमीम म्हणाली की तिनं अर्शियाला उन्हाळ्यापासून शिलाईवर बसवायचं ठरवलंय. शाळा चालू राहील, पण उगाच डोक्यात भलतं नको. आजकाल पोरगी बेरजाही चुकते. आधी सगळं बरोबर यायचं, ते घोकलेलं असणार.

"घोकलेलं नव्हतं," मंजुळा म्हणाली.

"तुला कसं माहीत? मी काल रात्रभर तिच्याकडे बघत होते. झोपेतसुद्धा कपाळावर आठी असते तिच्या. यंत्र खोटं थोडंच बोलतं?"

मंजुळानं हातातला घास डब्यात ठेवला. आपल्या तोंडचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं तसं तिला झालं. तिनं शमीमला सगळं सांगितलं. पिवळे ठिपके, केस, नवसाचं खोटं, बाईंनी विचारलेलं आणि आपण दिलेलं उत्तर. शमीम ऐकत राहिली. मंजुळाला वाटलं, ही आता उठून जाईल. शमीम उठलीच. पण नळावर जाऊन तिनं तोंड धुतलं, परत आली आणि एवढंच विचारलं, "कधी जायचं तिथं?"

अभियानाचं कार्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. मंजुळा, शमीम आणि हत्तुरेबाई हारिकाला घेऊन तिथे गेल्या. तिथले शास्त्रज्ञ डॉ. केदार धोंगडे वयानं तरुण होते. त्यांनी आधी दारातूनच सांगितलं की पालकांच्या तक्रारी ऑनलाइन घेतात. मग त्यांचं लक्ष स्कार्फमधून डोकावणाऱ्या हारिकाच्या डोक्याकडे गेलं आणि त्यांनी चौघींना आत घेतलं.

हत्तुरेबाईंनी दोन्ही निकाल समोर ठेवले. धोंगड्यांनी यंत्रातल्या मूळ नोंदी काढल्या. आधी ते भराभर बोलत होते, मग हळू बोलू लागले, मग थांबले. पहिल्या चाचणीत कानांवरच्या भागातून प्रकाश जवळजवळ परत आलाच नव्हता. आलेख सपाट होता. सपाट आलेख दोन कारणांनी येऊ शकतो: मेंदूत काही बदलत नसेल तर, किंवा काही दिसतच नसेल तर. हे वेगळं काढायची सोय यंत्रात होती. पण ठिपका पिवळा राहिला की थांबायचं आणि केस बाजूला करून पुन्हा बघायचं, याला दाट केसांच्या मुलीमागे अर्धा तास लागतो. अभियानानं एका मुलाला सहा मिनिटं दिली होती. म्हणून कुणीतरी प्रणालीत असं बसवलं होतं की पिवळा ठिपका आला तर तिथे बदल शून्य धरून पुढे जायचं.

"यंत्र म्हणत होतं, मला दिसत नाही," धोंगडे म्हणाले. "आम्ही त्याऐवजी 'तिथे काही नाही' असं लिहिलं."

मग ते मंजुळाकडे वळले. तिनं निवेदनावर सही केली तर त्यांना यादी आजच थांबवावी लागेल, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. सगळ्यांची चाचणी नव्यानं होईल. हारिकाचे त्र्याऐंशी धरले जाणार नाहीत. आणि जागा तीसच राहतील.

 हारिका खुर्चीवर पाय हलवत बसली होती. तिला विचारावं, असं मंजुळाच्या मनात आलं. पण हे ओझं आठ वर्षांच्या पोरीवर टाकण्यासारखं नव्हतं. तिनं सही केली. अक्षर वाकडं आलं.

त्या संध्याकाळी घरी सगळं सांगावं लागलं, नवसाचंही. अंबादास म्हणाला की आपल्याला मिळालेलं आपल्या हातानं देऊन टाकणारी माणसं त्यानं पाहिली नव्हती; हे कौतुक होतं की राग, ते त्यालाही ठरवता आलं नाही. राजमणीबाई मात्र तिच्याशी बोलायच्या बंद झाल्या. देवाचं नाव खोटं घेतलंस, एवढं एकदा म्हणाल्या, आणि मग नुसतं ताट पुढे सरकवत राहिल्या. केस तोवर तिरुपतीला पोचले होते.

नव्या चाचणीसाठी अर्ध्या तासाप्रमाणे माणसं लावायला यंत्राची कंपनी तयार होईना. शेवटी धोंगड्यांनी पालकांनाच बोलावलं. शाळेच्या सभागृहात सतरंज्या घातल्या गेल्या. आया, मावश्या, आज्या लेकींच्या मागे बसल्या. धोंगडे एकेकीला दाखवत होते: दिव्याखालचा केस काडीनं असा अलगद बाजूला करायचा, कातडी दिसली पाहिजे, मग दिवा टेकवायचा. एक ठिपका हिरवा झाला की पुढचा. सभागृहात शंभरावर बायका होत्या, पण कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. सगळ्यांचे डोळे पडद्यांवर. एखादा ठिपका पिवळाच राहिला की ती आई काडी घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. शमीमनं अर्शियाचे कुरळे केस इतक्या निगुतीनं विलग केले की धोंगडे तिथे उभे राहून बघत राहिले.

हारिकाच्या डोक्यावर तोवर करवंदीच्या काट्यांसारखे बारीक केस उगवले होते. तिच्यासाठी काडी लागली नाही. मंजुळा मागे नुसतीच बसली, हात मांडीवर ठेवून. भोवती सगळ्या लेकींच्या डोक्यावर केस होते.

निकाल लागला तो पूर्वीसारखाच, फोनवर. हारिकाला ब्याऐंशी. पण या वेळी ज्या मुली दिसल्याच नव्हत्या त्या दिसल्या होत्या, आणि तीस जागा पंच्याऐंशीवरच भरल्या. अर्शियाला एक्याण्णव.

मंजुळानं ते हारिकाला स्वतः सांगितलं. हारिकानं आधी अर्शियाचं विचारलं. मिळालं म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला, मग हळूहळू विझला. ती म्हणाली, "मग माझे केस का काढले?"

 यंत्राला तू दिसावीस म्हणून, असं मंजुळाला म्हणता आलं असतं. पण खरं ते तेवढंच नव्हतं. तिला स्वतःलाच मुलगी दिसेनाशी झाली होती. तिनं हारिकाला जवळ ओढलं. हारिका आधी ताठ राहिली, मग रडली. राजमणीबाई आतून आल्या, नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कितीतरी दिवसांनी सुनेशी बोलल्या. म्हणाल्या की केस देवाकडे गेलेत, ते काही खोटं नाही. बाकीचं तू आणि तो बघून घ्या.

पुढच्या वर्षी तुकडी वाढवणार, अशी बातमी मधूनमधून येते. वाढली तरी ती पुढच्या तिसरीसाठी. हत्तुरेबाईंनी आपल्या वर्गात शनिवारी जास्तीचं गणित सुरू केलंय. त्यांच्यावर परवानगीशिवाय तास घेतल्याची चौकशी लागली आहे आणि तिचं काय होणार ते कुणाला माहीत नाही.  परत तशीच वेळ आली तर सही करशील का, असं शमीमनं एकदा विचारलं. मंजुळा खरं तेच बोलली, सांगता येत नाही.

अर्शिया रोज द्रुतगणितातून येते ती दप्तरासकट येमूलांच्या दारात. तिथे शिकवलेलं सगळं ती हारिकापुढे ओतते. काहींवर दोघी भांडतात. एका संध्याकाळी मंजुळा कामावरून आली तेव्हा दोघींनी तिच्या डब्यातली शर्टाची बटणं जमिनीवर मांडली होती. एक बटण. त्याच्या दोन बाजूंनी कोन करून तीन बटणं. त्याच्याभोवती पाच. दर वेळी पुरा चौकोन. अर्शियाला हे वर्गात सूत्र म्हणून सांगितलं होतं. बटणं मांडायची कल्पना हारिकाची.

मंजुळा पर्स खांद्यावर तशीच ठेवून खाली बसली. पूर्वी असती तर हे कुणाला आधी आलं, असं तिनं विचारलं असतं. ती म्हणाली, "हे असंच का होतं, ते मला समजेल असं सांग."

हारिकानं मूठभर बटणं तिच्या हातात दिली. "आता पुढची ओळ तू लाव. किती लागतील?"

मंजुळा बटणांकडे बघू लागली. तिच्या कपाळावर आठी पडली. अर्शिया उत्तर सांगायला पुढे झाली तशी हारिकानं तिचा हात धरून तिला थांबवलं.

"विचार कर, अम्मा," ती म्हणाली. "आम्ही थांबतो."